वूडीची टोपी गेली, मग बूट गेले

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा जे लोकलमध्ये चढल्यावर इअरफोन घरी राहिले म्हणून हळहळतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळलो, खोकलो, ते काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.

मध्ये जवळपास महिनाभर आपला एकही भाग आला नाही. बऱ्याच जणांनी मेसेज केले. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, "तांत्रिक अडचण आहे." ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. खरं काय झालं ते आज सांगणार आहे, पण शेवटाकडे. कारण ते नीट कळायचं असेल तर आधी १९९८ सालात जावं लागेल, कॅलिफोर्नियातल्या रिचमंड नावाच्या गावात, पिक्सारच्या जुन्या ऑफिसात.

पिक्सार तेव्हा आजच्याएवढी मोठी नव्हती. १९९५ला त्यांचा 'टॉय स्टोरी' आला होता, संपूर्णपणे कॉम्प्युटरवर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आता दुसरा भाग चालू होता. ओरेन जेकब हे त्या सिनेमाच्या तांत्रिक टीममधले वरिष्ठ. ते सहकाऱ्यांसोबत बसून वूडीच्या फायली असलेलं फोल्डर बघत होते. वूडी म्हणजे तोच, काउबॉय टोपीवाला. यादी एकदा बघितली. पुन्हा बघितली, तर फायली कमी. पुन्हा बघितली, आणखी कमी. टोपी गेली. मग बूट गेले. मग अख्खा वूडी गेला. मग बझ, हॅम, रेक्स, एकेक पात्र डोळ्यांदेखत नाहीसं व्हायला लागलं.

झालं होतं असं, की कोणीतरी सिनेमाच्या मुख्य फोल्डरवर एक कमांड चालवली होती. आरएम, स्पेस, डॅश आर, डॅश एफ, स्पेस, स्टार. ज्यांनी लिनक्स वापरलंय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आरएम म्हणजे काढून टाक. आर म्हणजे आतल्या फोल्डरांच्या आतपर्यंत जा. एफ म्हणजे मला विचारत बसू नकोस. आणि स्टार म्हणजे सगळं. एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरात हे चालवलं तर साफसफाई होते. एक पायरी चुकून वरच्या फोल्डरात उभं राहून चालवलं, तर घर जातं.

जेकब यांनी मशीन रूमला फोन केला आणि सर्व्हरची वायर खेचून काढा म्हणून सांगितलं. नीट शटडाउन वगैरे नाही, थेट वायर. मशीन पुन्हा सुरू करून बघितलं तेव्हा जवळजवळ ९० टक्के सिनेमा गेलेला होता.

इथे थोडं थांबू या, कारण "सिनेमा गेला" म्हणजे नक्की काय गेलं हे समजून घ्यायला हवं. हे तुमच्या फोनमधल्या रीललाही लागू आहे.

तुम्ही एडिटिंग ॲपमध्ये क्लिप कापता तेव्हा मूळ व्हिडिओला काहीच होत नाही. प्रोजेक्ट म्हणजे फक्त सूचनांची यादी. अमुक क्लिप तिसऱ्या सेकंदापासून सातव्या सेकंदापर्यंत दाखव, मग दुसरी जोड, मागे हे गाणं लाव, आवाज इतका कमी कर. म्हणून प्रोजेक्टची फाइल आकाराने चिल्लर असते आणि व्हिडिओ अवाढव्य. जागा भरली की माणूस साहजिकच मोठ्या गोष्टी सांभाळतो आणि छोट्या उडवतो. पण महिनाभराची मेहनत त्या छोट्या फायलीतच असते. शूट पुन्हा करता येईल कदाचित, पण चाळीस वेळा ऐकून नेमका कुठे कट मारायचा हे जे ठरवलं, ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. पिक्सारचंही तसंच होतं. त्यांच्याकडे तर शूट केलेलं काही नव्हतंच. पात्रांची घडण, हालचाल, प्रकाश, सगळं म्हणजे फायलींतल्या सूचना. तो अख्खा सिनेमा तेव्हा साधारण १० जीबीमध्ये मावत होता. आज आपल्या फोनमध्ये नुसते "गुड मॉर्निंग"चे फोटोच तेवढे निघतील.

आता गंमत बघा. ही "मूळ वेगळं, सूचना वेगळ्या" कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाही. ती फिल्मवाल्यांची आहे. आम्ही ज्या भागावर काम करत होतो, जो बुडता बुडता वाचला, तो यावरच होता. दादरला राहणारे एक काका, सत्तरच्या दशकात असिस्टंट एडिटर होते. त्यांनी आम्हाला सांगितलेलं थोडक्यात सांगतो.

कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह एडिटरच्या हातात कधीच यायची नाही. ती लॅबमध्ये राहायची. एडिटरला मिळायची तिची पॉझिटिव्ह प्रत, म्हणजे रश प्रिंट. ती हवी तशी कापा, मेणाच्या पेन्सिलने खुणा करा, चिकटवा, पुन्हा उखडा, काही बिघडत नाही. ३५ एमएम फिल्मच्या कडेला दर फुटाला, म्हणजे दर सोळा फ्रेमला, एक नंबर छापलेला असतो, आणि तो निगेटिव्हवरून प्रिंटवर उतरतो. सगळं ठरल्यावर ते नंबर बघून वेगळा माणूस, हातमोजे घालून, वेगळ्या खोलीत निगेटिव्ह कापायचा. काका म्हणाले, की तिथे आम्हाला आतसुद्धा जाऊ देत नसत. म्हणजे शंभर वेळा कापणारा माणूस आणि मूळ वस्तू यांच्यामध्ये एक भिंत होती. खरीखुरी, विटांची.

कापलेले तुकडे, म्हणजे ट्रिम, खिळ्यांना टांगून ठेवायचे आणि खाली कापड लावलेली मोठी पेटी असायची, फिल्मला ओरखडे पडू नयेत म्हणून. त्या पेटीला बिन म्हणायचे. आजच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं "बिन" तिथून आलंय. आपल्याकडे बिन म्हटलं की कचऱ्याचा डबा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे नवीन इंटर्न बिघडवतात ते तिथेच. एडिटरचं बिन म्हणजे ज्यातलं काहीही फेकायचं नाही अशी जागा. काकांच्या काळात चार फ्रेमचा तुकडा हरवला तरी असिस्टंट रात्रभर जमिनीवर रांगत शोधायचा.

मग हे सगळं कॉम्प्युटरवर आलं. १९८९ला एव्हिडची पहिली सिस्टीम आली. 'द इंग्लिश पेशंट' हा कॉम्प्युटरवर एडिट होऊन एडिटिंगचं ऑस्कर मिळवणारा पहिला चित्रपट. वॉल्टर मर्च यांनी तो फिल्मवर कापायला सुरुवात केली होती आणि मध्येच एव्हिडवर गेले, कारण घरात आजारपण आलं होतं आणि घरून काम करायचं होतं. घरून काम करणारी माणसं या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

कॉम्प्युटरवर आलं तेव्हा सूचनांची यादी आली, बिन आलं, पण विटांची भिंत आली नाही.

का नाही आली, हे मला इंजिनिअर म्हणून सांगावंसं वाटतं. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला हे मी पाठ केलं होतं, समजलं नव्हतं. युनिक्समध्ये, आणि तिच्या पोटातून आलेल्या बहुतेक सिस्टीममध्ये, फोल्डर म्हणजे कपाट नसतं. ते असतं मस्टर, हजेरीपट. त्यात नावं लिहिलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे ती फाइल डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. फाइल डिलीट करणं म्हणजे मस्टरमधली ओळ खोडणं. आणि ओळ खोडायला कोणता अधिकार लागतो? त्या फायलीवरचा नाही. मस्टरवर लिहिण्याचा. म्हणजे तुम्ही तुमच्या फायलीला कुलूप लावलं, "फक्त वाचा, बदलू नका" केलं, तरी ज्याला त्या फोल्डरात लिहिता येतं तो तुमची फाइल उडवू शकतो. तो तुमच्या घरात शिरतच नाहीये. तो सोसायटीच्या यादीतून तुमचं नाव खोडतोय.

यावर इलाज निघाला होता. १९८६च्या बीएसडी युनिक्सच्या आवृत्तीत अशी सोय आली, की सामायिक फोल्डरला एक खूण लावली तर ज्याची ओळ त्यानेच खोडायची. आजही लिनक्समध्ये सगळ्यांच्या तात्पुरत्या फायली जिथे पडतात त्या फोल्डरला ती खूण असते. म्हणजे पिक्सारच्या अपघाताआधी बारा वर्षं कुलूप तयार होतं. मग लावलं का नाही, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं, हॉस्टेलच्या कट्ट्यावर, मोठ्या तोऱ्यात.

उत्तर असं आहे, की सिनेमाचं काम तसं चालत नाही. एकाने वूडीचं शरीर घडवलं, दुसऱ्याने त्याला हालवलं, तिसऱ्याने उजेड टाकला, आणि तिसऱ्याला पहिल्याच्या फायलीत बदल करावा लागला. त्यातून कितीतरी प्रोग्रॅम सेव्ह करताना जुन्या फायलीवर लिहीतच नाहीत. नवीन फाइल बनवतात आणि तिला जुन्या नावाच्या जागी बसवतात. म्हणजे मस्टरमधली जुनी ओळ खोडून नवी लिहितात. थोडक्यात, जो अधिकार काम करायला लागतो तोच अधिकार काम पुसायलाही पुरतो. तुम्ही एखाद्याला "एडिट" देता तेव्हा त्यात "डिलीट" गुपचूप बसलेलं असतं. पिक्सारमध्ये कितीतरी लोकांकडे तो अधिकार होता, आणि कोणाचा हलगर्जीपणा म्हणून नव्हे. काम अडू नये म्हणून.

असो. डिलीट झालं, हरकत नाही, बॅकअप आहे की! टेपवर रोज बॅकअप होत होता. टेप लावली, फायली परत आल्या, लोक कामाला लागले. काही दिवसांनी लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. काही फायली नाहीतच, काही अर्ध्या.

बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हता. साधारण ४ जीबीच्या मर्यादेला तो येऊन भिडला होता आणि सिनेमा वाढून १० जीबी झाला होता. जागा संपली की सिस्टीम तक्रार नोंदवते. पण ती तक्रार जिथे लिहायची ती जागाही त्याच भरलेल्या ठिकाणी. लिहायला जागा नाही, म्हणून तक्रार कोरी. तक्रार कोरी, म्हणजे सगळं ठीक. मला हा या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात भयंकर भाग वाटतो, वूडीच्या टोपीपेक्षाही. कोणीही खोटं बोललं नाही, कोणी कामचुकारपणा केला नाही, आणि तरी रोज सकाळी एक कोरा कागद बघून माणसं निश्चिंत होत राहिली.

हे फक्त तेव्हाचं नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब नावाच्या कंपनीत, जिथे माझ्यासारखे लोक आपला कोड ठेवतात, रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट चालवलं. ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या आणि ऐनवेळी एकही धड चालली नाही. वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगसाठी एक स्नॅपशॉट घेतला होता. बॅकअप म्हणून नाही, सहज, दुसऱ्याच कामासाठी.

आता परत रिचमंडला. मीटिंग बसली. पुढे काय? जुनी, दोन महिन्यांपूर्वीची प्रत घ्यायची की पडकं घर डागडुजी करायचं? तेव्हा गॅलिन सुसमन, सिनेमाच्या सुपरवायझिंग टेक्निकल डायरेक्टर, म्हणाल्या की माझ्या घरी एक प्रत असू शकेल. त्यांचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या, आणि घरच्या मशीनवर अधूनमधून सिनेमाच्या फायली उतरवून घ्यायच्या.

जेकब आणि सुसमन तिच्या व्होल्वोतून घरी गेले. मशीन ब्लँकेटांत गुंडाळलं, मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलं, आणि हळूहळू गाडी चालवत ऑफिसला आणलं. पार्किंगमध्ये माणसं प्लायवूडचा पत्रा घेऊन उभी होती. त्यावर ठेवून पालखीसारखं आत नेलं. त्यानंतर टीमने शनिवार-रविवारसुद्धा बसून, जिथे घरची प्रत आणि टेपवरची प्रत जुळत नव्हती अशा हजारो फायली डोळ्यांनी एकेक करून तपासल्या. सिनेमा जवळजवळ पूर्ण परत मिळाला.

सगळे ही गोष्ट "बघा, वर्क फ्रॉम होमचा फायदा" म्हणून सांगतात. किंवा "बॅकअप घ्या" म्हणून. मला वाटतं दोन्हींत मुद्दा निसटतो. ती प्रत का वाचली? कारण ती ऑफिसच्या मशीनला सतत चिकटलेली नव्हती. ती थोडी जुनी होती, मागे पडलेली होती. ती जर आजच्या क्लाउडसारखी क्षणाक्षणाला ताजी राहत असती, तर रिचमंडला टोपी गेली त्याच क्षणी घरातल्या मशीनवरूनही टोपी गेली असती. तिचं जुनं असणं हेच तिचं कुलूप होतं. काकांच्या भाषेत सांगायचं, तर लॅबमधली निगेटिव्ह.

अजून दोन गोष्टी. एक, पिक्सारचे एड कॅटमल यांनी नंतर पुस्तकात लिहिलंय, की ती कमांड कोणी चालवली हे शोधत बसण्यात आम्ही वेळ घालवला नाही. दुसरी, इतकं करून वाचवलेला तो सिनेमा नंतर त्यांना स्वतःलाच आवडला नाही. नऊ महिने हातात असताना गोष्ट जवळजवळ नव्याने बांधली, लोकांची मनगटं दुखावेपर्यंत काम केलं, आणि नोव्हेंबर १९९९मध्ये जो 'टॉय स्टोरी २' आला तो बराचसा दुसराच होता. काय म्हणणार? हरवलेलं परत मिळाल्यावरच ते टाकून द्यायचं की नाही हे आपण ठरवू शकतो, एवढं खरं. आणि सुसमनबाईंचं पुढे काय झालं विचाराल, तर २०२३मध्ये कंपनीने जी कर्मचारी कपात केली त्यात त्यांचंही नाव होतं.

आपल्याकडे, पुण्यात, हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा होता. १९६४ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर नावाचा माणूस पुढच्याच वर्षी तिथे आला आणि आयुष्यभर डबे गोळा करत राहिला. नाशिकला दादासाहेब फाळकेंच्या कुटुंबाकडे जाऊन जे मिळालं ते आणलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं, आणि तेही १९१३चं की १९१७ला पुन्हा केलेल्या सिनेमाचं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. 'आलम आरा'ची तर एकही प्रिंट उरली नाही. तिथे कोणी आरएम चालवलं नव्हतं. फिल्ममधली चांदी काढायला रिळं विकली गेली, काही सडली, काही जळली. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभातच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटची हजारो रिळं गेली. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही. अशा वेळी एका गोदामात किती डबे होते याला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्या गावात किती होते, एवढंच उरतं.

तर आता आमची गोष्ट.

आम्ही तिघं. मी, आमची एक मैत्रीण जी रिसर्च करते, आणि आमचा एडिटर, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो. काकांची दोन तासांची मुलाखत आम्ही तीन कॅमेऱ्यांवर, म्हणजे तीन फोनवर, रेकॉर्ड केली होती. प्रोजेक्ट एका सामायिक क्लाउड फोल्डरात, तिघांच्या लॅपटॉपवर आपोआप सिंक होणारं. फोल्डर मी बनवलं होतं. तिघांनाही "एडिट" मीच दिलं होतं.

मास्तरच्या लॅपटॉपवर "स्टोरेज फुल" यायला लागलं. त्याला वाटलं, क्लाउडवर तर आहेच, लॅपटॉपवरचं उडवू. उडवलं. ट्रॅशही रिकामा केला, कारण क्लाउडची जागाही भरत आली होती. सिंकने आपलं काम चोख केलं. रात्री साडेबाराला माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही. फोनमधली रेकॉर्डिंग? आम्ही आधीच पुसली होती, अपलोड झालं म्हणून. आणि मधल्या काळात काका हॉस्पिटलात होते. पुन्हा बोलवा, पुन्हा बसवा, हे शक्यच नव्हतं.

मी ग्रुपवर जे लिहिलं ते इथे लिहू शकत नाही. पिक्सारची गोष्ट मला कॉलेजपासून माहीत होती, मित्रांना रंगवून सांगायचो. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी पहिल्या मिनिटाला माणूस शोधला. मास्तरने सॉरी म्हटलं, दोनदा. मी तिसऱ्यांदा बोललो तेव्हा तो ग्रुप सोडून गेला.

चार दिवसांनी मैत्रिणीला आठवलं. तिचा जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी टिकत नव्हती म्हणून तिने कराडला घरी टाकला होता. गेले तीन आठवडे बंद. त्यावर सिंक होतं. मी फोनवर ओरडलोच, "चालू करू नकोस! आधी राउटर बंद कर!" कारण तो नेटला जोडला असता तर त्याला कळलं असतं की फोल्डर डिलीट झालंय, आणि त्यानेही इमानेइतबारे डिलीट केलं असतं. तिच्या बाबांनी राउटरची पिन काढली, वर शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये सेव्ह होता म्हणून शेजाऱ्यांनाही दहा मिनिटं बंद ठेवायला सांगितलं. काकूंची सिरियल चालू होती म्हणे. आधी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, मग फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मुलाखत पूर्ण होती. एडिट तीन आठवडे मागचं होतं.

त्यानंतर मी बसून आमची सगळी व्यवस्था तपासली. एव्हिडमध्ये एकाने बिन उघडलं की दुसऱ्यांना लाल कुलूप दिसतं, ते बघू शकतात, लिहू शकत नाहीत, आणि जुन्या आवृत्त्या ॲटिक नावाच्या फोल्डरात, म्हणजे माळ्यावर, साठत राहतात. तशी सोय आता इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे. पण ते कुलूप एकमेकांवर लिहिण्यापासून वाचवतं, बाहेरून अख्खं फोल्डर उडवण्यापासून नाही. आम्ही वापरतो त्या दा विंची रिझॉल्व्हमध्ये तर प्रोजेक्ट व्हिडिओंच्या फोल्डरात नसतोच, तो वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. म्हणजे व्हिडिओंचं फोल्डर कॉपी करून "बॅकअप झाला" म्हणणारे बरेच जण फक्त रश प्रिंट सांभाळतायत, कट नाही. प्रोजेक्ट वेगळा एक्स्पोर्ट करावा लागतो. आणि फोनवर एडिट करणाऱ्यांनो, तुमचे ड्राफ्ट बहुतेक वेळा फोनच्या आतच असतात. ॲप काढलं की तेही जातात.

आम्ही आता मूळ रेकॉर्डिंगच्या फोल्डरचा "एडिट" फक्त एकाकडे ठेवलाय, बाकी दोघांना "व्ह्यू". ज्याच्याकडे आहे त्याच्या लॅपटॉपवर ते सिंक होत नाही. दर रविवारी एक प्रत हार्ड डिस्कवर जाते आणि डिस्क काढून ठेवली जाते. अशा दोन डिस्क आहेत, एक माझ्याकडे आणि एक कराडला, स्टीलच्या डब्यात, मैत्रिणीच्या आईच्या कपाटात. दर महिन्याच्या एक तारखेला कुठलीही एक जुनी फाइल उघडून चालवून बघायची. पहिल्याच महिन्यात माझ्याकडची डिस्क उघडली नाही. केबल खराब होती, पण त्या पाच मिनिटांत मला तो कोरा कागद आठवला.

तो एक "एडिट" ज्याच्याकडे आहे, तो मास्तर आहे. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "फोल्डर कोणी शेअर केलं होतं रे?" मी म्हटलं, मी. त्याने आत येऊ दिलं. चहा मात्र मलाच करायला लावला.

गेलेले तीन आठवड्यांचे कट त्याने पुन्हा केले. आधीपेक्षा अकरा मिनिटं कमी झालीत आणि मला विचाराल तर बरं झालंय, पण हे त्याच्यासमोर मी अजून बोललेलो नाही. काका घरी आलेत, बरे आहेत. त्यांचा भाग पुढच्या शनिवारी येतोय.